क्वाननपासून कॅननपर्यंत

सन १९३३ च्या सुमारास जपानांत लायका नांवाच्या जर्मन कॅमेऱ्याची किंमत ४२० येन होती. विश्वविद्यालयाची पदवी घेऊन एखाद्या पहिल्या प्रतीच्या पेढींत नुकत्याच लागलेल्या तरुणाचें मासिक वेतन त्या वेळीं ७० येनांच्या आसपास असे. म्हणजे सहा महिन्यांचा सारा पगार, त्यांतील कवडीही न खर्चतां, बाजूस ठेवावा, तेव्हां कोठें हें हातांत मावणारें यंत्र घरीं यावयाचें. श्रोतेहो, आज ज्या उद्योगाची हकीकत सांगावयाची आहे, त्याचा उगम या एका आकड्यांत आहे.

लायका ही वेत्झलार येथील लाइट्झ कारखान्यांतील ओस्कार बार्नाक यांच्या बुद्धीची निर्मिति; ती १९२५ सालीं बाजारांत आली. चित्रपटासाठीं वापरण्यांत येणारी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेऊन तिच्यावर २४ गुणिले ३६ मिलिमीटरचें लहानसें चित्र टिपावयाचें आणि मग तें मोठें करून कागदावर उतरावयाचें, ही त्यांतली युक्ति. तिकाटणें, काळें कापड व कांचांची पेटी हा धंदेवाईक छायाचित्रकाराचा संभार तिच्यापुढें अवजड भासूं लागला.

टोकियोंत योशिदा गोरो नांवाचे एक गृहस्थ होते. चित्रपटाचे कॅमेरे व प्रक्षेपणयंत्रें दुरुस्त करणें हा त्यांचा व्यवसाय. सुटे भाग आणण्यासाठीं ते वरचेवर शांघायला जात. ज्या देशांत उत्तम युद्धनौका तयार होतात, त्या देशाच्या माणसानें कॅमेऱ्याच्या भागांसाठीं येथवर कां यावें, असा टोमणा तेथील एका अमेरिकन व्यापाऱ्यानें त्यांना मारला. तो त्यांच्या मनाला लागला. परत आल्यावर त्यांनीं लायका खोलून तिचा भाग न् भाग वेगळा केला. आंत कांहीं हिरेमाणकें नव्हतीं. पितळ, अल्युमिनियम, लोखंड आणि रबर! एवढ्या स्वस्त द्रव्यांचें एवढें मोल कसें, या विचारानें त्यांना रागच आला. हा राग सर्वस्वीं न्याय्य होता असें मात्र म्हणतां येत नाहीं. घड्याळांतही पितळच असतें, पण पैसे मोजावे लागतात ते पितळ घासणाऱ्या हाताचे. ही गोष्ट योशिदांच्या पुढील धडपडींतूनच सिद्ध झाली.

१९३३ च्या नोव्हेंबरांत टोकियोच्या रोप्पोंगी भागांतील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर 'सेइकी कोगाकु केंक्यूजो', म्हणजे सूक्ष्म प्रकाशयंत्रांची संशोधनशाळा, सुरू झाली. नांव भारदस्त, जागा भाड्याची. योशिदांबरोबर त्यांचे मेहुणे उचिदा साबुरो व उचिदांचे जुने सहकारी माएदा ताकेओ हे होते. उचिदा व माएदा रोख्यांच्या पेढींतले. लोखंडाशीं त्यांचा संबंध नव्हता. द्रव्यसाह्य केलें तें त्यांच्या एका डॉक्टर मित्रानें. मितराइ ताकेशी हें त्याचें नांव, व्यवसाय प्रसूतिचिकित्सेचा.

योशिदा हे क्वाननचे भक्त असल्यामुळें त्यांनीं आपल्या कॅमेऱ्याला तिचेंच नांव दिलें. ही क्वानन आपणांस परकी नाहीं. अवलोकितेश्वर बोधिसत्त्वच चीनमार्गें जपानांत पोंचला आणि तिकडे त्यानें बहुधा स्त्रीरूप धारण केलें. मुंबईजवळ कान्हेरीच्या ४१ व्या लेण्यांत त्याची अकरा मस्तकांची मूर्ति आहे, आणि औरंगाबादच्या ७ व्या लेण्यांत संकटांत सांपडलेल्या भक्तांना सोडविणारा तोच कोरलेला आहे. योशिदांनीं भिंगालाही बुद्धशिष्य महाकाश्यपावरून 'काश्यप' हें नांव ठेवलें आणि सहस्रभुजा क्वाननची मुद्रा करविली. १९३४ च्या जूनमध्यें 'असाही कॅमेरा' मासिकांत जाहिरात झळकली. तिच्यांत पाणबुडी, विमान आणि क्वानन या तिन्ही जपानी वस्तु जगांत श्रेष्ठ असल्याची ग्वाही होती. पाणबुड्या समुद्रांत होत्या, विमानें आकाशांत होतीं; कॅमेरा तेवढा व्हावयाचा होता!

त्याच वर्षाच्या शरद् ऋतूंत योशिदा संस्था सोडून गेले. दहा कॅमेरे आपण तयार केले, असें ते पुढें सांगत. परंतु दुकानांतून विकला गेलेला क्वानन म्हणून एकही कॅमेरा आजवर पुढें आलेला नाहीं. ज्याच्या संतापांतून कारखाना जन्मला, त्याच्या वांट्याला यश आलें नाहीं. पण मागें राहिलेल्यांनीं काम टाकलें नाहीं, याचें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे.

त्यांची खरी अडचण भिंगाची होती. कॅमेऱ्याचा सांगाडा व पडदा कुशल कारागीर घडवूं शकतो. पडदा म्हणजे फिल्मपुढून सरकणाऱ्या दोन कापडी पट्ट्या, त्यांमधील फटीनें प्रकाश मोजून आंत सोडावयाचा. भिंगाची विद्या निराळी. तीसाठीं मंडळी निप्पोन कोगाकु या कंपनीच्या दारीं गेली. ही कंपनी १९१७ पासूनची. दुर्बिणी व आरमाराचीं अंतरमापक यंत्रें करण्यांत मुरलेली. तिनें निक्कोर भिंग, तें बसविण्याची खोबण आणि अंतरमापकाची प्रकाशरचना पुरविली. पुढें निकॉन या नांवानें प्रतिस्पर्धी झालेली कंपनी ती हीच! लाइट्झच्या हक्कांना बाध येऊं नये म्हणून दृश्यदर्शक निराळ्या रीतीनें बसवावा लागला; कळ दाबतांच तो डबींतल्या बाहुल्याप्रमाणें टुणकन् वर येई. विक्री ओमिया या व्यापाऱ्याकडे असल्यामुळें त्याचें 'हान्सा' हें चिन्ह कॅमेऱ्यावर आलें. अशा रीतीनें १९३६ च्या आरंभीं 'हान्सा कॅनन' २७५ येनांस मिळूं लागला. क्वाननच्या जागीं आलेला कॅनन हा शब्द पाश्चात्य; प्रमाणग्रंथ, नियम असा त्याचा अर्थ. उच्चार जवळचा राहिला आणि देवता बाजारांतून सुटली.

१९३७ च्या ऑगस्टांत संशोधनशाळेची मर्यादित कंपनी झाली. १९४० सालीं तिनें जपानांतील पहिला अप्रत्यक्ष क्ष-किरण कॅमेरा तयार केला. चमकणाऱ्या पडद्यावर पडलेली छातीची छाया लहान फिल्मवर टिपली म्हणजे पुष्कळ लोकांची क्षयासाठीं तपासणी थोड्या खर्चांत होते. १९४२ सालीं डॉ. मितराइ स्वतः अध्यक्ष झाले. युद्धांत पराभव झाला, टोकियो जळून गेलें होतें. तरी १९४५ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं माणसें पुन्हां गोळा करून काम चालू केलें. आतां गिऱ्हाईक होतें तें विशेषतः अमेरिकन सैन्यांतील लोकांचें. कॅमेऱ्यावर कॅनन आणि कारखान्याच्या पाटीवर सेइकी कोगाकु, हा घोळ परदेशी माणसाला उमगेना. तेव्हां १५ सप्टेंबर १९४७ रोजीं कंपनीनेंच कॅनन कॅमेरा हें नांव घेतलें. पुढें १९६९ सालीं त्या नांवांतून कॅमेरा हा शब्दही गळला, कारण तोंपर्यंत तेथें गणनयंत्रेंही होऊं लागलीं होतीं.