भार वाटून घेणारी यंत्रे

उज्जैनच्या घाटांवरून वाहणारी शिप्रा पुढे चंबळेला मिळते, आणि ते पाणी मंदसोर जिल्ह्यातील गांधीसागर धरणात साठते. १९६० साली सुरू झालेल्या तेथील वीजगृहात २३ मेगावॉटची पाच जनित्रे बसविण्यात आली. पाणी सोडले की वीज मिळते, एवढे श्रोत्यांस ठाऊकच आहे. परंतु किती पाणी सोडावे हे क्षणोक्षणी कोण ठरवितो?

तारांत वीज साठून राहत नाही. उज्जैनमध्ये दिवे लागले, की तेवढी शक्ती त्याच क्षणी कोठे तरी उत्पन्न व्हावी लागते. ती कमी पडली, तर जनित्रे आपल्या गतीतून तूट भरून काढतात आणि मंदावतात. यालाच वारंवारता घटणे म्हणतात. आपल्याकडे ती सेकंदाला ५० आवर्तने असते. ती साडेएकोणपन्नासवर राहिली, तर तिच्यावर चालणारे घड्याळ तासाला ३६ सेकंद मागे पडेल. ज्या नगरीच्या रेखावृत्तावरून प्राचीन ज्योतिषी काळ मोजीत, तिला या ३६ सेकंदांची किंमत सांगावयास नको.

गती राखण्याचे काम गव्हर्नर करतो. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या यंत्राला दोन फिरते गोळे लावले. आज ते काम विद्युत्-उपकरणे करतात. गती घटली की दार उघडावयाचे, वाढली की मिटावयाचे.

खरी गंमत दोन जनित्रे एकत्र जोडल्यावर दिसते. दोघांनीही ‘५० म्हणजे ५०च’ असा हट्ट धरला, तर मोजमापातील केसभर फरकाने एक सगळा भार ओढते आणि दुसरे रिकामे होते. म्हणून प्रत्येकाला थोडे नमते घेण्याची मुभा देतात. ही मुभा पाच टक्के असेल, तर वारंवारता ०.०५ ने घटताच प्रत्येक जनित्र आपल्या क्षमतेच्या दोन टक्के जादा भार उचलते. थोरला थोरल्याइतका, धाकटा धाकट्याइतका; परस्परांना निरोप धाडण्याचे कारणच पडत नाही. राहिलेली तूट मग भारप्रेषण केंद्राच्या हुकमाने भरून काढतात. मध्य प्रदेशाचे असे केंद्र जबलपुरास आहे.

दाबाची गोष्ट निराळी. वारंवारता साऱ्या जाळ्याची एक, दाब मात्र ठिकठिकाणी वेगळा. माळव्यात गव्हाला पाणी देणारे पंप एकदम सुरू झाले, की तो खेड्यांत खचतो. जनित्रातील चुंबकाचा प्रवाह कमीजास्त करून दाब सावरणारा नियामक स्वतंत्र असतो. तेथेही थोडे नमते घ्यावेच लागते, नाहीतर जनित्रे आपसांत निष्फळ प्रवाह खेळवीत बसतात.

३० जुलै २०१२ च्या पहाटे बिना-ग्वाल्हेर वाहिनी तुटली व उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच वाहिनी पुन्हा तुटली, तेव्हा पूर्व व ईशान्य भागही गेले. सुमारे साठ कोटी लोकांची वीज गेली. ज्या पश्चिम जाळ्यात उज्जैन आहे, ते तेवढे तगले. तेथे संकट उलटे होते. वीज जास्त, घेणारा नाही. वारंवारता वर चढली आणि काही जनित्रे आपोआप बंद पडली, म्हणून उरलेली वाचली. बंद पडण्यापूर्वीच गव्हर्नरांनी हात आखडता घ्यावयास हवा होता. त्यांचा हा प्रतिसाद प्रत्यक्षात मिळेल याची खबरदारी घ्यावी, असे चौकशी समितीनेही बजावले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळेही या जाळ्याशी जोडले गेले, आणि आता चंबळेवरचे चाक व केरळातील चाक एकाच ठेक्यात फिरतात.