बिनतारी यंत्रणेचे कुलूप कोणाच्या हाती?

(बोळिंज येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, लोकल थांबली, मिठागराची वस्ती पुराने वेढली गेली आणि वीजही गेली. वीज गेली की मोबाईलचे मनोरे बॅटरीवर काही तास तग धरतात, मग मुके होतात. बोळिंजच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु मदतीला धावणारे अग्निशमन दल, पोलीस आणि रुग्णवाहिका यांनी अशा वेळी परस्परांशी बोलायचे कशाने?

२३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरार पश्चिमेच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्याच दिवशी १३ कोविडरुग्णांचा बळी गेला. बिनतारी संचाने आग विझत नाही हे खरेच. तेथे पहिला प्रश्न सुरक्षेच्या तपासणीचा. पण वाचलेल्यांना दुसरीकडे हलवताना खाट कोठे रिकामी आहे, गाडी कोठवर आली, हे सर्व खात्यांना एकाच वेळी कळावे लागते. न्यूयॉर्कसारख्या धनाढ्य शहरातही ११ सप्टेंबर २००१ रोजी इमारत सोडण्याचा हुकूम वर चढलेल्या अनेक अग्निशमन जवानांपर्यंत पोचला नाही. पोलिसांचे संच वेगळे, त्यांचे वेगळे. त्या दिवशी ३४३ जवान गेले.

युरोपने १९९० च्या दशकात यासाठी ‘टेट्रा’ ही अंकीय, म्हणजे डिजिटल, बिनतारी पद्धत सिद्ध केली. बटण दाबताच साऱ्या गटाला ऐकू जाते; मनोरा बंद पडला तरी जवळचे संच थेट बोलू शकतात; संभाषण सांकेतिक असल्याने तिऱ्हाइताला ते ऐकता येत नाही. निदान विकताना तसे सांगितले जाई. २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी या पद्धतीतील ‘टीईए-१’ हे कुलूप उघडून दाखविले. ८० बिटांची म्हणून दिलेली किल्ली आतून ३२ बिटांची करून ठेवलेली होती. साधा संगणक ती मिनिटाभरात शोधतो. भक्कम कुलूप युरोपच्या पोलिसांसाठी राखीव, आणि हे दुबळे कुलूप बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी! कुलपाची रचनाच पाव शतक गुप्त ठेवल्यामुळे ही लबाडी खपली. बोभाटा झाल्यावर मग ती रचना प्रसिद्ध करण्याचे ठरले.

तेव्हा ‘सुरक्षित’ हा शब्द निविदेत वाचून कोणी हुरळून जाऊ नये. रुग्णाचे नाव आणि पोलिसांची हालचाल गुप्त राहिली पाहिजे. कोणत्या रस्त्यावर पाणी किती चढले हे मात्र गुपित नव्हे, आणि गुप्ततेचा पडदा तेवढ्यावरही ओढण्याचा मोह नोकरशाहीला नेहमीच होतो. शिवाय पोलिसांसाठी एक जाळे, महापालिकेसाठी दुसरे, अशी दुहेरी खरेदी ठेकेदाराला सोयीची, जवानाला जीवघेणी.

अशी खरेदी निघेल तेव्हा कार्यकर्त्यांनी कागदपत्रे मागवावीत. कुलपाची रचना स्वतंत्र तज्ज्ञांनी तपासली आहे काय? मनोऱ्याच्या जनरेटरला किती दिवसांचे डिझेल? आणि बोळिंजच्या म्हाडा वसाहतीतील एखाद्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून, जिन्याच्या काँक्रीटमधून, तळाशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला जवानाचा आवाज ऐकू येतो की नाही, ही चाचणी रहिवाशांसमक्ष घ्यायला लावावी, आणि तीही पैसे चुकते होण्यापूर्वी.