डोंगराची खूण

मावळात कुणाला वाट विचारा, उत्तरात डोंगर येतोच. ‘तिकोना डाव्या हाताला ठेवा आणि सरळ जा’, ‘विंचूकाटा दिसला की समजा गाव आलं’, असं सांगतात. तिकोना नावाप्रमाणेच तीन कोनांचा. तुंग सुळक्यासारखा निमुळता. लोहगडाचा विंचूकाटा म्हणजे विंचवाच्या नांगीसारखी पुढे गेलेली लांबलचक सोंड. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला नागाच्या फण्यासारखा कडा उभा आहे, ती नागफणी. साहेब आला, त्याला त्या कड्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं आणि नकाशात ‘ड्यूक्स नोज’ उमटलं. गुराखी मात्र आजही नागफणीच म्हणतो. डोंगर एकच, ज्यानं त्यानं आपल्या ओळखीचं त्यात पाहिलं.

हे आकार आले कुठून? हिमालयात आणि युरोपच्या आल्प्समध्ये बर्फाच्या नद्यांनी डोंगर खरवडून रुंद तळाच्या दऱ्या केल्या. महाराष्ट्रातही बर्फाची खूण आहे, पण ती दूर तिकडे चंद्रपूरच्या मुलखात, पैनगंगेच्या खोऱ्यात. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी सरकत्या बर्फानं चुनखडीवर ओढलेले ओरखडे तिथे सापडले आहेत. पुढे त्याच भागात जंगलं गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला, आणि आज तिथे खाणी आहेत. आपला सह्याद्री मात्र बर्फानं घडवलेला नाही. तो आगीनं रचला आणि पाण्यानं कोरला.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहत राहिला. एक थर निवला की त्यावर दुसरा. घरात चपात्यांची चवड रचतात, तशी ही दगडाची चवड. कठीण थर कडा होऊन उभा राहिला, मऊ थर झिजून उतार झाला. म्हणून मळवली स्टेशनावर उतरून लोहगड-विसापूरकडे पाहिलं, की डोंगराला पायऱ्या पाडल्यासारख्या दिसतात. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. परक्या मुलखातल्या त्या शब्दाचा मूळ अर्थही पायरी असाच आहे.

उरलेलं काम पावसाचं. घाटमाथ्यावर शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांची गंमत पाहा. एक इंद्रायणीत पडतो, तुळापूरला भीमेला मिळतो, तिथून कृष्णेत आणि मग बंगालच्या उपसागरात जातो. दुसरा उल्हास नदीच्या दरीत कोसळतो आणि अरबी समुद्र गाठतो. इथेही माणसानं हात घातला. टाटांनी वळवण, लोणावळा, शिरवता ही धरणं बांधली, पूर्वेला जाणारं पाणी अडवलं आणि नळांतून पश्चिमेला खोपोलीत उतरवलं. अर्धा किलोमीटरहून अधिक उंचीवरून पडणाऱ्या त्या पाण्यावर १९१५ साली वीज तयार झाली आणि मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या.

पण पाण्याच्याही आधी माणसानं हात घातला तो दगडाला. मावळच्या डोंगरावर माणसाचे तीन हात पडलेले मला दिसतात.

पहिला हात छिन्नीचा. भाजे, बेडसे आणि कार्ल्याची लेणी दोन हजार वर्षांच्या आसपासची, भाज्याचं काम तर त्याहूनही जुनं. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे ४५ मीटर लांब, आणि ते सगळं एका अखंड कातळातून. छताच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. भिंतींवर दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यांत शेठ आहेत, भिक्षू आहेत, यवन आहेत. आणि धेनुकाकटच्या सामी नावाच्या एका सुताराचंही नाव तिथे आहे. दाराचं काम त्यानं केलं. राजांची नावं मी परीक्षेसाठी पाठ केली होती, या सुताराचं न करताच लक्षात राहिलं.

दुसरा हात सुरुंगाचा. १८५६ साली बोरघाटात रेल्वेचं काम सुरू झालं आणि १८६३ साली गाडी घाट चढली. २५ बोगदे खणले गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, हे काम अंगावर घेतलं. हजारो मजूर पटकीनं आणि अपघातांनी गेले. सामी सुताराचं नाव दोन हजार वर्षं टिकलं, या मजुरांची नावं मात्र कोणत्याच दगडावर नाहीत. त्याच खोदाईत दगडाच्या पोकळ्यांतून पांढरेशुभ्र, हिरवट स्फटिक निघाले आणि जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसले.

तिसरा हात आजचा, खडी क्रशरचा. पहिल्या दोन हातांनी डोंगर पोखरला, पण डोंगर उभा राहिला. लेण्यात माणूस विसावला, बोगद्यातून पलीकडे गेला. तिसऱ्या हाताखाली डोंगरच उचलला जातो. माझ्या लहानपणी आमच्या गावाबाहेर बैलाच्या वशिंडासारखी टेकडी होती. लोक तिला वशिंडच म्हणत. अम्मीला घड्याळाची गरज नव्हती. वशिंडाची सावली ओढ्यापर्यंत आली, की ती असरच्या नमाजासाठी वजू करायला उठे. शेजारच्या काकू त्याच सावलीवर गुरं परतायची वेळ ओळखत. गेल्या पंधरा-वीस वर्षांत वशिंडाची खडी झाली. आता तिथे खड्डा आहे आणि त्यात हिरवं पाणी साचलेलं आहे. गावातल्या पोरांना ‘वशिंडापाशी भेटू’ म्हटलं तर कळत नाही. कवीचा धंदा शब्दांचा. टेकडीपाठोपाठ शब्द गेला, याची चुटपुट मला अधिक लागते.

खडी नकोच, असं म्हणणारा मी नाही. माझं घर खडीचं आहे, मी येतो-जातो तो रस्ता खडीचा आहे. खाणीत घण चालवणाऱ्या, पाटी वाहणाऱ्या माणसाची चूलही त्यावरच पेटते. सोयीसाठी खुणा पुसाव्या लागतात, हेही आपण पाहिलं. घाटातला १८३० सालचा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. वाहतुकीला तो अडचणीचा झाला होता. पण पूल पुन्हा बांधता येतो. टेकडी बांधता येत नाही. म्हणून दगड कुठून घ्यायचा आणि कुठून नाही, हे ठरवताना किती घनमीटर निघेल एवढंच विचारून भागणार नाही. या टेकडीला नाव आहे का, तिच्या पोटातून ओढा निघतो का, तिच्या सावलीवर कुणाचा दिवस चालतो का, हेही कुणीतरी विचारायला हवं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत आपला लोहगड आहे. आनंदच झाला. लोहगडाची काळजी आता जग घेईल. बिननावाच्या टेकड्यांची काळजी त्या त्या गावालाच घ्यावी लागेल. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन एकदा शिवाराची फेरी मारावी. प्रत्येक टेकडीचं, खिंडीचं, झऱ्याचं नाव विचारून ग्रामपंचायतीच्या वहीत लिहून ठेवावं. शाळेतली मुलं हे काम एका सुट्टीत करतील.

आणि तुम्ही आम्ही पावसाळ्यात लोणावळ्याला जातो, तेव्हा चिक्की घ्यावी, भजी खावीत, धबधब्यापासून मात्र जपून राहावं. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातली माणसं लोंढ्यात वाहून गेली, हे विसरू नये. मग धुकं थोडं हटलं, की समोरच्या डोंगराकडे बोट करून चहावाल्याला विचारावं, ‘याचं नाव काय हो?’ त्याला ठाऊक असेल तर लिहून घ्यावं. नसेल तर तो आत हाक मारून आपल्या आईला विचारील. तिला बहुतेक माहीत असेल.