पैलवानाचं नाव कसं होतं?


नेर परिसरातल्या कुस्तीशौकिनांनो, आज ऐकूया, पैलवानाचं नाव कसं होतं.

खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे.
१९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक जिंकलं.
स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक.

पण जायलाच पैसे नव्हते.
गावानं वर्गणी काढली.
कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण ठेवलं.

खाशाबा परतले, तेव्हा बैलगाड्यांची भली मोठी मिरवणूक निघाली.
पण ते मिरवण्यात रमले नाहीत.
कोल्हापुरात त्यांनी कुस्त्या ठेवल्या.
त्या पैशातून सरांचं घर सोडवलं.

कुस्ती जिंकली. शब्दही पाळला.
लोकांनी दोन्ही लक्षात ठेवलं.

आजचा मल्ल मोबाइलवर सरावाचे व्हिडिओ टाकतो. जरूर टाकावेत.
आपल्या बोलीत बोलावं. डाव समजावून सांगावा. वस्तादाचं नाव घ्यावं.
आणि ठरलेल्या कुस्तीला वेळेवर हजर राहावं.
पुन्हा सांगतो, कुस्ती आणि शब्द, दोन्ही हवेत.

१५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस.
महाराष्ट्रात तो राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.
त्या दिवशी आपल्या गावच्या मल्लांची कुस्ती बघायला जरूर जा.