साथीच्या दिवसांतील सहल

सहल म्हटली कीं मोकळेपणा हा तिचा पहिला गुण मानला जातो. घरचीं वेळापत्रकें, शाळेची घंटा, कचेरीची हजेरी, या साऱ्यांतून चार दिवस सुटका व्हावी म्हणून मनुष्य गांव सोडून बाहेर पडतो. परंतु इ. स. २०२० व २०२१ या दोन वर्षांत जगांतील असंख्य कुटुंबांनीं अशी एक सहल केली कीं, जींत घरच्यापेक्षां अधिक नियम पाळावे लागत. कोविडच्या साथींत करमणुकीच्या भव्य उद्यानांस, ज्यांना थीम पार्क म्हणतात त्यांस, भेट देणाऱ्या कुटुंबांची ही हकीकत आहे. इतक्या बंधनांत आनंद उरतो काय, आणि अशा वेळीं तेथें जावें तरी काय, असे दोन प्रश्न त्या कुटुंबांपुढें होते. आजाराशीं व मरणाशीं संबंध असल्यामुळें ते क्षुल्लक नव्हते.

थीम पार्क ही आपल्याकडील जत्रेची एक दूरची बहीण होय. जत्रेंत पाळणा असतो, मिठाईचीं दुकानें असतात, बाहुल्यांचा खेळ असतो. परंतु तीं सारीं आपापल्या परीनें तेथें येऊन बसलेलीं असतात. थीम पार्कमध्यें सर्व कांहीं एका कल्पनेच्या सूत्रांत ओंवलेलें असतें. एका भागांत परीकथेंतील राजवाडा, दुसऱ्यांत चांचे लोकांचें बेट, तिसऱ्यांत अंतराळयान, अशी रचना असते. वॉल्ट डिस्ने यांनीं १७ जुलै १९५५ रोजीं कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम येथें डिस्नेलँड उघडलें. त्यांच्या मृत्यूनंतर, १ ऑक्टोबर १९७१ रोजीं, फ्लोरिडांत ऑर्लँडोनजीक वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झालें. त्याच्या चार उद्यानांपैकीं मॅजिक किंग्डम या एकाच उद्यानास २०१९ सालीं सुमारें २ कोटि लोकांनीं भेट दिली असा अंदाज आहे.

एक गोष्ट येथें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. अशीं उद्यानें साथीपूर्वींही नियमांवांचून चालत नव्हतीं. रांग मोडावयाची नाहीं, चालत्या गाडींत उभें राहावयाचें नाहीं, हे नियम तर होतेच. शिवाय कित्येक खेळांच्या दाराशीं उंची मोजण्याची पट्टी असे. मॅजिक किंग्डममधील स्पेस माउंटन या वेगवान गाडींत ४४ इंचांहून कमी उंचीच्या मुलास बसतां येत नाहीं. मूल रुसतें, आईच्या पदराआड तोंड लपवितें, परंतु ही पट्टी आपल्याच जिवासाठीं आहे हें त्याला थोड्या वेळानें पटतें. साथीनें जे नियम आणले ते मात्र या जातीचे नव्हते. ते पाळणाराच्या जिवापेक्षां दुसऱ्याच्या जिवासाठीं अधिक होते, आणि म्हणूनच ते पटावयास कठीण गेले.

साथ आली तेव्हां हीं उद्यानें एकामागून एक बंद झालीं. शांघायचें डिस्नेलँड २५ जानेवारी २०२० रोजीं, टोकियोचें २९ फेब्रुवारीस, कॅलिफोर्नियाचें १४ मार्चला आणि फ्लोरिडांतील १६ मार्चला मिटलें. कारण उघड होतें. गर्दी हाच या उद्यानांचा प्राण, आणि गर्दी हेंच रोगाचें वाहन. राजवाडे उभे होते, पण त्यांच्या पुढच्या रस्त्यांवर चिटपांखरूं नव्हतें.

फ्लोरिडांतील मॅजिक किंग्डम ११ जुलै २०२० रोजीं पुनः उघडलें. दुसऱ्याच दिवशीं त्या संस्थानांत १५,२९९ नव्या रुग्णांची नोंद झाली. अमेरिकेंतील कोणत्याही एका संस्थानांत एका दिवसांत तोंवर इतके रुग्ण नोंदले गेले नव्हते. म्हणजे साथ ओसरली म्हणून दारें उघडलीं असें मुळींच नव्हतें. साथ चालू असतांच, ती सांभाळून, उद्यान चालवितां येतें कीं काय याचा तो प्रयोग होता.

त्या प्रयोगाचे नियम असे होते. आगाऊ नोंदणी केल्यावांचून प्रवेश नाहीं. आरंभीं एरव्हींच्या क्षमतेच्या सुमारें चतुर्थांश, आणि नोव्हेंबरच्या सुमारास ३५ टक्के एवढेच लोक आंत घेत. दाराशीं प्रत्येकाचें तापमान पाहिलें जाई. तें १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक भरलें, तर थोड्या वेळानें पुनः पाहत. आणि तरीही उतरलें नाहीं तर तो मनुष्यच काय, त्याच्याबरोबर आलेलीं सारीं माणसें परत फिरत. दोन वर्षें व त्यावरील प्रत्येकानें मुखपट्टी बांधलीच पाहिजे. ती खातांपितांना काढावी, पण तेव्हां एका जागीं उभें राहावें; खात खात चालूं नये. ज्यांना उकाड्यानें जीव नकोसा होईल त्यांच्यासाठीं मुखपट्टी उतरवून बसण्याच्या वेगळ्या जागा राखल्या होत्या. रांगेंत जमिनीवर खुणा केलेल्या होत्या, आणि दोन कुटुंबांमध्यें सहा फुटांचें अंतर ठेवावें लागे.

रात्रीची आतषबाजी बंद झाली, कारण ती पाहावयास हजारों माणसें एका चौकांत दाटतात. ठरलेल्या वेळेच्या मोठ्या मिरवणुकीही बंद झाल्या. त्यांच्या जागीं एक युक्ति योजिली होती. दोनतीन रथांच्या लहानशा मिरवणुकी वेळ न सांगतां एकाएकीं निघत व पाहतां पाहतां दिसेनाशा होत. वेळच ठाऊक नसल्यामुळें कोणी आधीं येऊन जागा धरून बसत नसे, आणि जो त्या क्षणीं तेथें असेल त्याला अवचित लाभ होई. पुष्कळांना ही नवी रीत जुन्या थाटामाटाहून अधिक गोड वाटली.

आतां या नियमांचा घरगुती अर्थ कळावा म्हणून एक काल्पनिक, परंतु त्या काळांत सहज शोभेल असें कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. जॉर्जिया संस्थानांतील अटलांटा शहरीं स्थायिक झालेलें एक मराठी जोडपें. त्यांची मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पांच वर्षांचा. नवऱ्याची आई हिवाळ्यांत नातवंडांना भेटावयास पुण्याहून आली, आणि मार्च २०२० मध्यें भारत सरकारनें नियमित आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक बंद केल्यामुळें तेथेंच राहिली. मधून मधून खास विमानें सुटत. परंतु सत्तरीकडे झुकलेल्या बाईनें त्या दिवसांत एवढा लांबचा प्रवास करावा कीं करूं नये, याचा निर्णय होत नव्हता. मुलें मार्चपासून घरांत कोंडलेलीं, शाळा पडद्यावर. पांच वर्षांचा मुलगा तर बागेंत दुसरें मूल दिसलें कीं बाजूला सरूं लागला होता. आदल्या वर्षीं ठरविलेली ऑर्लँडोची सहल निदान ऑक्टोबरांत तरी करावी, असें आईबापांना वाटूं लागलें. प्रश्न आजींचा होता.

सून म्हणाली, "आई, तुम्ही बरोबर आलांत तरी उद्यानांत येऊं नका. आम्ही हिंडून येऊं. तुम्ही हॉटेलांतल्या खोलींत स्वस्थ बसा."

आजी म्हणाल्या, "बसेन कीं. पण तुम्ही चौघें संध्याकाळीं कोठें येणार ग? माझ्याच खोलींत ना?"

या एका प्रश्नांत त्या साथीचें सारें मर्म आलें. कोविडचा विषाणु जवळ बाळगणाऱ्या मनुष्यास ताप असेलच असें नाहीं. कांहींना तर कोणतेंच लक्षण जाणवत नाहीं, आणि तरी त्यांच्या श्वासावाटे रोग दुसऱ्याकडे जातो. दाराशींचें तापमापक अशा मनुष्याला ओळखूं शकत नाहीं. तरुणाला जो रोग दोन दिवसांच्या कणकणीवर सुटतो, तोच वृद्धाला प्राणघातक होण्याचा संभव पुष्कळ अधिक. म्हणजे आजी उद्यानांत गेल्या नाहींत, तरी उद्यान त्यांच्यापर्यंत येणारच होतें.

शेवटीं तोडगा आजींनींच काढला. त्यांनीं अटलांटासच राहावें. शेजाऱ्यांनीं लागेल तें सामान दारांत ठेवावें. आणि मंडळी परतल्यावर चौघांनीं चौदा दिवस घराच्या वरच्या मजल्यावर राहावें, आजींनीं खालच्या. तीन दिवसांच्या सहलीची किंमत चौदा दिवसांचा दुरावा अशी ठरली. ही किंमत मुलांना आधीं सांगितली गेली, आणि त्यांनीं ती कबूल केली.

उद्यानाच्या दाराशीं कपाळासमोर यंत्र धरलें गेलें तेव्हां बापाच्या छातींत धडधड झाली. मुलगा उन्हांत धांवला होता, आणि त्याचा ताप अधिक भरता तर चौघांनाही थांबावें लागतें. पण सर्वजण आंत गेले. रांगा लांबलचक दिसत, पण अंतरामुळें त्या तशा दिसत. सरकत मात्र भरभर. मुलगा जमिनीवरच्या खुणा मोजीत उड्या मारीत पुढें जाई. गाड्यांतून मधल्या ओळी रिकाम्या सोडलेल्या असत. मुलीला राजकन्येला मिठी मारावयाची होती. ती राजकन्या दुरून हात हालवून गेली. मुलगी थोडी हिरमुसली, पण मग तिनेंही दोन्ही हात उंच करून हालविले.

दुपारीं मुलानें मुखपट्टी हनुवटीखालीं ओढली. गाडीपाशीं उभ्या असलेल्या एका पिकल्या केसांच्या नोकरानें स्वतःच्या नाकाला बोट लावून त्याला खूण केली. मुलानें बापाला विचारलें, "उंचीची पट्टी माझ्यासाठीं असते. मग ही कोणासाठीं?"

बाप म्हणाला, "आजीसाठीं. आणि त्या आजोबांसाठींही."

हें उत्तर मुलापुरतें नव्हतें. पाहुणे कुटुंब एक दिवस येई आणि जाई. तो नोकर मात्र रोज सहस्रावधि अनोळखी माणसांच्या श्वासांत उभा राही. शिवाय त्याची नोकरीही डळमळीत होती. सप्टेंबर २०२० मध्यें डिस्ने कंपनीनें अमेरिकेंतील उद्यानें वगैरे विभागांतून २८,००० नोकर कमी करण्याचें जाहीर केलें, आणि त्यांतील सुमारें दोनतृतीयांश अर्धवेळ काम करणारे होते. उद्यान बंद ठेवावें तर चूल विझते, उघडावें तर जिवाला धोका, अशा पेंचांत तीं माणसें होतीं. त्यांच्यासमोर मुखपट्टी नीट बांधून उभें राहणें हें पाहुण्यांच्या हातचें किमान सौजन्य होतें.

इतर देशांनीं हाच प्रश्न आपापल्या स्वभावाप्रमाणें सोडविला. जपानांत अशा उद्यानांच्या चालकसंघांनीं वेगवान गाड्यांत बसल्यावर किंचाळूं नये अशी सूचना केली, कारण ओरडण्यानें थुंकीचे तुषार उडतात. फूजी पर्वताच्या पायथ्याच्या फूजी-क्यू हायलँड उद्यानानें तर दोन अधिकारी कोट-नेकटाय व मुखपट्टी घालून गाडींत बसलेले, तोंडांतून अवाक्षर न काढतां खालीं कोसळतांना दाखविणारा चित्रपट प्रसिद्ध केला. किंचाळावयाचें तर मनांतल्या मनांत किंचाळा, असा त्याचा मथितार्थ होता. लोक पोट धरधरून हंसले, आणि नियमही लक्षांत राहिला.

शांघायमध्यें निराळा प्रकार घडला. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजीं, आदल्या दिवशीं उद्यानांत येऊन गेलेली एक व्यक्ति बाधित असल्याचें कळतांच दारें बंद करण्यांत आलीं, आणि आंत असलेल्या सुमारें ३४ हजार लोकांना तपासणी झाल्याखेरीज बाहेर सोडलें नाहीं. आकाशांत आतषबाजी चालली आहे आणि खालीं पांढऱ्या पोशाखांतील आरोग्यसेवक तपासणी करीत आहेत, असें दृश्य त्या रात्रीं दिसलें. कॅलिफोर्नियांत सरकारनें परवानगी न दिल्यामुळें डिस्नेलँड ३० एप्रिल २०२१ पर्यंत बंदच राहिलें. मात्र त्याच्या मोटारी उभ्या करण्याच्या एका विस्तीर्ण मैदानांत जानेवारी २०२१ पासून लस टोंचण्याचें मोठें केंद्र चाललें. जेथें मुलांची सहल सुरू व्हावयाची, तेथें वृद्ध माणसें दंड उघडे करून बसलीं होतीं.

ते नियम आतां राहिले नाहींत. फ्लोरिडांतील आतषबाजी १ जुलै २०२१ रोजीं पुनः सुरू झाली, आणि २०२२ च्या वसंतऋतूपर्यंत मुखपट्टीची सक्तीही बहुतेक संपली. मागें वळून पाहतां त्या पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें देतां येतात. बंधनांत आनंद उरला काय? उरला. मुलांना त्या दिवसांतून आठवली ती अवचित आलेली मिरवणूक आणि जमिनीवरच्या खुणा. मुखपट्टी त्यांनीं पायांतल्या जोड्यासारखी मानली. जावें काय, या प्रश्नाचें उत्तर मात्र घरोघर वेगळें होतें. जीं कुटुंबें गेलीं नाहींत तीं भित्रीं नव्हतीं, आणि जीं गेलीं तीं सारीं बेपर्वाही नव्हतीं. कुंपणाच्या आंत नियम पाळून घराच्या उंबऱ्यावर ते विसरणारा मनुष्य खरा बेपर्वा. कारण उद्यानाचे नियम दारापाशीं संपतात, आणि रोगाची वाट तेथून पुढें सुरू होते.

त्या काल्पनिक घरांत चौदा दिवस जिन्याच्या वरच्या पायरीवर मुलें बसत आणि खालच्या पायरीवर आजी. मुलगी राजकन्येची गोष्ट वरून ओरडून सांगे, आजी खालून हुंकार देत. अशीं घरें त्या काळांत पुष्कळ होतीं, आणि त्यांतल्या वृद्ध माणसांना पुढचें वर्ष पाहावयास मिळालें, त्याचें थोडें श्रेय अशा जिन्यांनाही आहे.