एक गोळी आणि दोन विकरं
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला बोलायला सांगताना एकच अट घातली, ‘संगणकावर बोलू नकोस.’ म्हणून आपल्या वयाला साजेसा विषय घेते: दुखण्यावरची गोळी. औषधांच्या चाचण्यांची माहिती साठवणारी सॉफ्टवेअर मी लिहिते, त्यामुळे हा विषय रोज समोर असतो. मी डॉक्टर मात्र नाही, एवढं लक्षात ठेवा.

विकर म्हटलं की आपल्याला लाळेतलं टायलिन आठवतं. भाकरी चावत राहिलं की गोड लागते, ती त्याच्यामुळे. असंच आणखी एक विकर आपल्या शरीरात असतं, सायक्लोऑक्सिजनेज, थोडक्यात ‘कॉक्स’. पेशीच्या आवरणातल्या एका मेदाम्लापासून प्रोस्टाग्लँडिन नावाचे निरोपे तयार होतात, त्याची सुरुवात हे विकर करतं. पाय मुरगळला की हे निरोपे तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. जागा सुजते, लाल होते, ठणकते. यालाच दाह म्हणतात.

अ‍ॅस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे. पण ती नेमकं काय करते हे कळायला १९७१ साल उजाडलं. ती हे निरोपे तयारच होऊ देत नाही, असं लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. गोळीने पोटात का जळजळतं, याचं उत्तरही त्यातच होतं. हेच निरोपे जठराचं अस्तर सांभाळतात. दाह थांबवायला गेलो आणि जठराची राखणही थांबली!

१९९० नंतर लक्षात आलं की कॉक्स एक नाही, दोन आहेत. कॉक्स-१ बाराही महिने कामावर असतं आणि जठर सांभाळतं. कॉक्स-२ मुख्यतः दाहाच्या वेळी हजर होतं. मग फक्त दुसऱ्याला अडवलं तर? या विचारातून सेलेकॉक्सिब आणि रोफेकॉक्सिब ही औषधं आली.

रोफेकॉक्सिबची आठ हजारांहून जास्त संधिवाताच्या रुग्णांवरची चाचणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. नेप्रॉक्सेन या जुन्या औषधाशी तुलना करता जठराच्या गंभीर तक्रारी निम्म्यावर आल्या होत्या. पण हृदयविकाराचे झटके मात्र नव्या गोळीच्या गटात जास्त होते. नेप्रॉक्सेनच हृदयाला जपत असेल, म्हणून फरक दिसतो, असं स्पष्टीकरण दिलं गेलं आणि विक्री चालू राहिली. पुढे दुसऱ्या एका चाचणीत तुलनेला औषध नसलेली गोळी होती. धोका तिथेही दिसला. ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने औषध जगभरातून मागे घेतलं. त्याच वर्षी भारतातही त्यावर बंदी आली.

असं का झालं? रक्तातल्या बिंबिका कॉक्स-१ च्या मदतीने गुठळी धरायला लावणारा पदार्थ बनवतात. रक्तवाहिनीचं अस्तर कॉक्स-२ च्या मदतीने गुठळी रोखणारा पदार्थ बनवतं. एकाला अडवलं आणि दुसऱ्याला मोकळं सोडलं, की तराजू गुठळीकडे झुकतो. सेलेकॉक्सिब आजही वापरात आहे, पण हृदयाच्या धोक्याची ठळक सूचना घेऊन.

म्हणून एक आग्रहाची विनंती. ‘मला लागू पडली, तू पण घे’ म्हणून गोळ्यांची पट्टी पुढे करू नका. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही हेच निरोपे सांभाळतात. ज्यांना रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास आहे, अल्सर होऊन गेला आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि डॉक्टरांनी हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन दिली असेल, तर ती आपल्या मनाने बंदही करू नये.

आपल्या प्रयोगवहीत आधी निरीक्षण, मग अनुमान असायचं. अनुमान आधी लिहून निरीक्षण त्याला जुळवलं, की वही परत यायची. तेव्हा राग यायचा. आज चाचण्यांचे तक्ते तपासताना, अपेक्षेशी न जुळणारा आकडा मी आधी पाहते. ही सवय लावणारे गुरुजन आज समोर बसले आहेत. त्यांना मनापासून नमस्कार.