शस्त्रक्रियेपूर्वी विचारलेला एक प्रश्न

(सुवर्णमहोत्सवी आरोग्य सभेत केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. चिंचवडात कापडाचे दुकान चालविणारा वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तरीही बोलावयास उभा आहे, कारण माझ्या थोरल्या बंधूंच्या मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया आमच्या घराने अनुभवली आहे.

गाठ लहान मेंदूजवळ होती. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांनी विचारले, "पाणी पिताना यांना ठसका लागतो का? आवाज बसला आहे का?" आम्ही पुरुषमंडळींनी एकमुखाने "नाही" म्हणून सांगितले. गाठ डोक्यात, आणि हे घशाची चौकशी का करतात, असेच वाटले. वहिनी मागे उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "दोन महिने झाले, चहा घेताना ठसका लागतो. म्हणून मी बशीत ओतून थोडा थोडा देते." डॉक्टरांनी ते लगेच लिहून घेतले.

त्याचे महत्त्व आम्हांस नंतर उमगले. श्वासाचे नियंत्रण मेंदूच्या देठातून होते. गिळणे, खोकणे व आवाज यांच्या नसाही तेथूनच निघतात, आणि हा देठ लहान मेंदूला अगदी लागून आहे. तेथे सूज आली किंवा नस दुखावली, तर फुप्फुसे निरोगी असूनही लाळ श्वासनलिकेत उतरते. म्हणून आधीचा ठसका, बसलेला आवाज, गाठीची जागा, शस्त्रक्रियेस लागलेला वेळ आणि नंतर रुग्ण किती शुद्धीवर येतो, या सर्वांवरून घशातील नळी लगेच काढावी की ठेवावी याचा अंदाज बांधतात. नळी घाईने काढली तर ती धावपळीत पुन्हा घालण्याची वेळ येते. उगाच ठेवली तर न्यूमोनियाचे भय. कापड धुतल्यावर किती आटेल, हे आम्ही व्यापारी पोत पाहून सांगतो, तरी कधी चुकतोच. येथे तर प्राणाचा प्रश्न.

बंधूंना तीन दिवस व्हेंटिलेटरवर ठेवले. या शब्दाची धास्ती आपणां सर्वांस आहे. २०२० साली नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर जम्बो रुग्णालय उभे राहिले, तेव्हापासून तर व्हेंटिलेटर म्हणजे शेवट, अशीच समजूत घरोघरी झाली. आमच्याकडेही एका नातलगांनी गावी निरोप धाडण्याची भाषा सुरू केली होती. वास्तविक १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून गळ्यातील नळीला जोडलेली पिशवी हाताने दाबून रुग्णांना श्वास देण्यात आला. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रात्रंदिवस हे काम केले, आणि मृत्यूचे प्रमाण पुष्कळ खाली आले. आजचे अतिदक्षता विभाग त्यातूनच आकारास आले. म्हणजे मूळ हेतू, शरीर सावरेपर्यंत श्वास चालू ठेवणे हाच.

आम्हांस मात्र ही गोष्ट बाहेरच्या बाकावर बसून कळली. शस्त्रक्रियेनंतर यंत्र लागण्याचा संभव किती, हे आधी विचारावयास हवे होते. आम्ही केवळ खर्चाचा आकडा विचारला होता.

चौथ्या दिवशी सकाळी बंधू डोळ्यांनी डॉक्टरांच्या बोटाचा मागोवा घेऊ लागले, सांगताच जोराने खोकले. दुपारी नळी काढली. महिनाभर आवाज घोगरा होता. आता ते दुकानावर येतात, गिऱ्हाइकाशी भावावरून वादही घालतात. चहा मात्र वहिनी अद्याप बशीतच देतात.